ओट्यासमोरचा एसी

...आणि वर मलाच विचारतात, की तुझं नेमकं म्हणणं तरी काय आहे? माझं म्हणणं! घरात एसी घ्यायचं ठरलं माझ्यामुळे, तो कुठे बसवायचा हे ठरलं मला सोडून बाकी सगळ्यांच्यात, आणि मी तोंड उघडलं तर मी भांडखोर. असू दे. आहेच मी भांडखोर. पण आधी ऐकून तर घ्या, मग काय ते ठरवा.

तुम्हाला सांगते, ऐन उन्हाळ्यातली दुपार. एकीकडे भात, दुसरीकडे कांदा परततेय. आमचं स्वयंपाकघर म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून बसलेलं, एकुलती एक खिडकी, उघडली तर ऊन आत येतं आणि लावली तर वाफ बाहेर जात नाही, पंखा लावावा तर गॅस विझतो, म्हणून पंखा कधी बसवलाच नाही... अशी मी तिथे उभी, आणि एकदम डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. हातातला झारा तसाच धरून मी मटकन खाली बसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं, फरशी गार होती. मी पडल्याचा आवाज घरात कुणालाच ऐकू गेला नाही. कांदा करपल्याचा वास मात्र सगळ्यांना आला. त्याबरोबर आले धावत.

डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, दुसरं काही नाही, उष्णतेने झालंय, उन्हाच्या वेळी चुलीपाशी फार वेळ उभ्या राहू नका. मी म्हटलं, बरं. आता चुलीपाशी उभं न राहता स्वयंपाक कसा करायचा हे त्यांनी काही लिहून दिलं नाही.

पण आमचे हे घाबरले हो. मला पाणी देताना यांनी अर्धं पाणी माझ्या पदरावर सांडलं. संध्याकाळी माझ्याजवळ बसून म्हणाले, "बस झालं. आता एसी घ्यायचा." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने न मागता आणलेली वस्तू म्हणजे एकदा छत्री, तीही दुकानात विसरून आले होते. मी म्हटलं, चला, एकदा चक्कर आली पण सोनं झालं.

आणि रात्री जेवताना हे म्हणतात, हॉलमध्ये बसवू.

हॉलमध्ये! चक्कर कुठे आली, एसी कुठे बसणार? मी काही बोलायच्या आत आमची लेक म्हणाली, बाबा, माझ्या खोलीतही हवा, मला दिवसभर घरून ऑफिसचं काम असतं, कॉम्प्युटर तापतो. कॉम्प्युटर तापतो म्हणे. लगेच सगळ्यांच्या चेहऱ्यावर काळजी. बिचारा कॉम्प्युटर. घाम माझा, मत सगळ्यांचं!

मग काय, यांच्या अंगात इंजिनिअरच शिरला. यांच्या ऑफिसात ती छतातून हवा येते ना, जाडजूड पत्र्याच्या नळकांड्या फिरवलेल्या असतात, तसं घरभर करायचं यांनी आधी मनात घेतलं. छत खाली घ्यायचं, भोकं पाडायची... मी म्हटलं, आपलं छत आधीच इतकं खाली आहे, की तुम्ही हात वर करून आळस दिलात तर पंख्यात अडकाल. तेव्हा ते बारगळलं. मग नळकांड्या नसलेला एसी घ्यायचं ठरलं. भिंतीवर पांढरा डबा, गॅलरीत एक मोठा डबा, मध्ये मनगटाएवढं भोक आणि त्यातून नळी. बाहेर एकच मोठा डबा आणि आत दोन छोटे, दोन खोल्यांत, असंही मिळतं म्हणे, आणि दोघांची थंडी ज्याची त्याला कमीजास्त करता येते. हे मला इतक्या वेळा समजावलं, की मी आता स्वतःचं दुकान टाकू शकते. आत दोन डबे. एक हॉलमध्ये, एक लेकीच्या खोलीत. सासूबाईंना विचारलं, तर त्या शालीतून म्हणाल्या, माझ्या खोलीत ते यंत्र नको, सर्दी होते. आणि मला? मला विचारलं, की रिमोट ठेवायला एखादी पिशवी शिवून देशील का.

दोन दिवसांनी एसीवाला मोजमाप घ्यायला आला. माणूस चांगला, पण प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला, "कसं आहे ना ताई." कसं आहे ना ताई, ऊन कुठून येतं? कसं आहे ना ताई, खोलीत माणसं किती बसतात? हॉल मोजला, लेकीची खोली मोजली, आणि स्वयंपाकघरात आला तो फक्त पाणी प्यायला. तेवढ्यात घामाने निथळला. कपाळ पुसत म्हणाला, बापरे, इथे तर भट्टी आहे. मी म्हटलं, मग इथलं मोजा की.

तर तो हसला. वाईट मनाने नाही, लहान पोराने चंद्र मागितल्यावर हसतात ना, तसा. कसं आहे ना ताई, स्वयंपाकघरात कुणी एसी बसवत नाही, तेलाच्या वाफा असतात, जाळी चिकट होते, वारा ज्योतीवर येतो... मी म्हटलं, कुणीच नाही? कुठेच नाही? तेव्हा डोकं खाजवत म्हणाला, एका केकवाल्याकडे बसवला होता, "पण तिथे क्रीम वितळतं ना ताई."

तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. मी अगदी शांतपणे विचारलं, "क्रीम वितळतं म्हणून एसी. आणि बाई वितळते, तिचं काय?"

त्याने मोजायची टेप मिटून खिशात टाकली. हे दारात उभे होते. मग यांना वाटलं आपल्याला युक्ती सुचली, हळूच म्हणतात, अगं मग तू केक सुरू कर ना, म्हणजे कसं, कारण होईल. म्हणजे बघा! क्रीमसाठी चालेल, माझ्यासाठी कारण लागेल! मी म्हटलं, नाही. केक करणार नाही. क्रीमचा एक थेंबही या घरात येणार नाही. मला उकडतं, एवढंच कारण, आणि ते पुरलं पाहिजे. पण ऐकतंय कोण? हे एसीवाल्याला घेऊन हॉलमध्ये गेले आणि सोफ्यावर वारा कसा येईल ते बघत बसले. घाम माझा, मत सगळ्यांचं!

ठीक आहे, म्हटलं. माळ्यावरून विजेची शेगडी काढली. हॉलमध्ये आले, मधल्या टेबलावरची फुलदाणी उचलून यांच्या मांडीवर ठेवली, शेगडी मांडली, वायर लावली, वर कढई, कढईत तेल, आणि खाली बसून कांदे चिरायला घेतले. हे म्हणाले, हे काय चाललंय? मी म्हटलं, एसी इथे बसणार ना, मग स्वयंपाकही इथेच. डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तळण काढलं. टीव्हीसमोर. पडद्यांना वास, सोफ्यावर तेलाचे शिंतोडे, हे फुलदाणी धरून खोकतायत, लेक ऑफिसच्या मीटिंगमधून उठून बाहेर आली, तिच्या साहेबांनी विचारलं म्हणे, तुमच्याकडे आग लागलीये का. आणि एसीवाला? त्याने टेप पुन्हा उघडली. खाली मान घालून यांना म्हणाला, "कसं आहे ना साहेब, इथे स्वयंपाक होणार असेल तर हा डबा पुरायचा नाही. मोठा लागेल."

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. मी म्हटलं, झालं, आता सासूबाईंचंही ऐकून घ्यायचं. पण त्या शाल सावरत मुलाला म्हणाल्या, "अरे, बसव तिच्या स्वयंपाकघरात." मी बघतच राहिले. मला वाटलं, याच ओट्याशी यांनीही जन्म काढलाय, आठवलं असेल काहीतरी. त्यांच्या पाया पडावं म्हणून मी उठले, तर त्या पुढे म्हणाल्या, "हॉलमध्ये बसवलास तर वारा थेट माझ्या दारात येईल. माझी मान आखडेल." असो. मत ते मत. कशासाठी दिलं हे मोजणाऱ्याने बघायचं नसतं.

हे शेवटचं म्हणाले, पाहुणे काय म्हणतील? मी म्हटलं, पाहुणे आले की त्यांना भाजी चिरायला आत बसवू. विषय संपला.

आला एसी. भोक पाडताना धूळ इतकी उडाली, की डाळीचा डबा धुवून वाळवावा लागला. पण एसीवाल्याने काम चोख केलं. शेगडीच्या डोक्यावर नाही, तिरक्या कोपऱ्यात बसवला, ज्योत हलत नाही, वारा बरोबर माझ्या मानेवर. जाळी मात्र दर आठवड्याला धुवायची म्हणाला. धुते की. मी या घरात काय धुतलेलं नाही?

पहिल्या दिवशी, तुम्हाला सांगते, मी मुद्दाम भर दुपारी तळायला घेतलं. समोर कढई उकळतेय आणि मानेवर गार झुळूक. पदर कपाळाकडे नेला, तर पुसायला काही नव्हतंच. हात तसाच वर राहिला. मी गॅस बारीक केला आणि नुसती उभी राहिले. कुणाला हाक मारली नाही. कुणी बघत नव्हतं, म्हणून थोडं रडून घेतलं.

तेवढंच सुख.

दुसऱ्या दिवशी हे खुर्ची घेऊन आले. म्हणे, पाचच मिनिटं बसतो, पेपर वाचतो. पेपर संपला, हे नाही हलले. मग लेक कॉम्प्युटर घेऊन आली, तिच्या खोलीत तिचा स्वतःचा एसी आहे हो, पण म्हणे इथे बरं वाटतं, काम करताना खायलाही मिळतं. मग सासूबाई. सर्दीवाल्या, मानवाल्या सासूबाई, दोन शाली घेऊन, दारातल्या मोक्याच्या जागेवर. आणि नुसत्या बसल्या असत्या तर मी काही बोलले असते का? इतकी वर्षं या घरात जेवण कसं तयार होतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, आता एकेकाला दिसायला लागलं ना! हे विचारतात, एवढं तेल लागतं? लेक म्हणते, आई, हात धुतलास का गं? सासूबाई म्हणतात, कांदा बारीक चिर, आम्ही बारीक चिरायचो. मीठ घातलं का, झाकण का नाही ठेवलं, भात लागतोय बघ... आणि रिमोट? रिमोट यांच्या खिशात! घाम माझा गेला एकदाचा, पण मतं? मतं तिथल्या तिथे.

म्हटलं, काही झालं तरी मी जागा सोडणार नाही. कोपरं मारत मारत करते स्वयंपाक. तेलाची बाटली यांच्या डोक्यावरून घेते, डाळ सासूबाईंच्या खुर्चीला वळसा घालून.

परवा त्या एसीवाल्याचा फोन आला. कसं आहे ना ताई, पहिली सर्व्हिस करायचीये, सगळं नीट चाललंय ना, स्वयंपाकघर पुरेसं गार होतं ना?

मी हॉलमध्ये बसले होते. एकटी. पंखा लावून, भाजी निवडत.

म्हटलं, होत असावं हो. मला आत शिरायला जागा मिळाली की कळवते.