सर्वरवरची घोंगडी

तुमी हसा, पण कुरुंद्यात माझ्या घरी सर्वर होता. कम्प्युटर जुनाच, पण रात्रंदिवस चालू. त्यावर मी गावाची वेबसाईट ठेवली होती अन् ती बघणारा मी एकटाच.

ऐन थंडीत बाबा वैतागले. "काहून लाईट जाळून राहिला?" म्हणत त्यांनी तो बंदच करून टाकला.

सकाळी आई कडाडली, "माझं दही लागलं न्हाई! त्या गरम डब्ब्यावरच तर विरजण ठेवते मी."

बाबांनी गुपचूप बटन दाबलं.

तेव्हापासून थंडी पडली की बाबाच सर्वरवर घोंगडी घालायचे. मी म्हणलो, "बाबा, त्याला हवा लागते. जळंल तो."

"हवा तू खा," बाबा म्हणाले. "ते गारठलं तं तुझ्या मायनं कढी कशाची करावी?"