नवी मालकीण

नोंदणी कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे एक शिवणकाम करणारी बाई होती. खिडकीतला कारकून तिचा फॉर्म भरत होता.

"काय काम करता?"

"शर्टाचे खिसे शिवते. आधी कारखान्यात शिवायचे, आता घरी."

"नोकरी सोडलीत?"

"मी कशाला सोडू? साहेबांनीच आम्हा चाळीसजणींना घरी पाठवलं. म्हणाले, आजपासून तुम्ही तुमच्या मालकिणी."

"मशीन कोणाचं?"

"माझं. सुई माझी, विजेचं बिलही माझंच."

"आणि खिसे कधी द्यायचे, किती द्यायचे?"

"ते साहेब सांगतात."

"म्हणजे स्वयंरोजगार. अभिनंदन, ताई! बायकांच्या स्वयंरोजगारात आपण यंदा शेजारच्या दोन देशांना मागे टाकलंय."

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

"ते लिहायला इथे रकाना नाही."

"राहू द्या. उद्या मुलीला दवाखान्यात न्यायचंय. सुट्टी कोणाकडे मागू?"

"कमाल करता! मालकीण तुम्ही, स्वतःलाच विचारा."

"विचारलं. मालकीण हो म्हणाली."

"मग अडलंय कुठे?"

"साहेब म्हणतात, खुशाल घ्या सुट्टी, आम्ही दुसरी मालकीण बघतो."