प्रेशर एकशे दहा

बालीगंजच्या नर्सिंग होमसमोर, चहाच्या टपरीवर भूलतज्ज्ञ सुदेष्णा गुहा सकाळचा पहिला कुल्हड घेऊन उभ्या होत्या. शेजारी दोघे भाऊ बोलत होते. त्यांच्या जामाईबाबूंचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, आज पित्ताशयाचं ऑपरेशन होतं.

“मागच्या खेपेला त्या भूलवालीने परत पाठवलं. म्हणे, प्रेशर एकशे नव्वद.”

“आज किती, दादा?”

“एकशे दहा. पहाटेच प्रेशरच्या दोन गोळ्या चारल्या.”

“पण आज ती गोळी घ्यायची नाही, असं कागदावर लिहिलंय ना?”

“कागद लिहिणाऱ्याचं काय जातंय, नाडू? पोट आपल्या माणसाचं दुखतंय.”

“नर्सने विचारलं नाही?”

“विचारलं की. म्हटलं, गोळी कसली, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दीदीलाही दटावलंय, तोंड उघडायचं नाही.”

“भूल दिल्यावर प्रेशर आणखी खाली जातं म्हणतात.”

“जाऊ दे. एकदा आत घेतल्यावर परत कोण पाठवतंय? आणि ती बाई करते काय? एक सुई टोचायची आणि स्टुलावर बसून डुलक्या काढायच्या. खरं काम सर्जनचं.”

सुदेष्णांनी अर्धा कुल्हड खाली ठेवला.

“जामाईबाबूंचं नाव परिमल सान्याल का?”

“हो. तुम्ही कशा ओळखता?”

“साडेआठला त्यांना मीच भूल देणार होते.”

दादाने घसा खाकरला.

“होते म्हणजे? अहो मॅडम, प्रेशर तर एकशे दहा आहे.”