शॉर्टस्टॉपहून रिलीज

(भिलाईच्या वैशाली नगरातलं एक अंगण. दुपार. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड चंपतराव बावणे एका पत्र्याच्या पेटीवर रंगानं नाव लिहीत आहेत. बाजूला मुलगा पीयूष, जपानमध्ये बेसबॉल खेळून चार दिवसांपूर्वी घरी आलेला. त्याची आई बेबीताई शेंगा सोलत बसली आहे.)

चंपतराव : तू फक्त गावाचं नाव सांग. बाकी पेटी तयार आहे.

पीयूष : बाबा, गाव नाही आहे. कितनी बार सांगू?

चंपतराव : गाव नाई असं कसं? टीमनं तुले रिलीज केलं. बरोबर?

पीयूष : हो.

चंपतराव : मी डोंगरगडहून रिलीज झालो, दुर्गले जॉइन झालो. दुर्गहून रिलीज झालो, गोंदियाले जॉइन झालो. छत्तीस वर्षांत चारदा रिलीज झालो अन् एकदाही घरी बसलो नाई. रिलीज म्हणजे बदली. पुढचं ठिकाण कागदावर लिवलेलं राह्यते. तू कागद नीट वाचला नसशील.

पीयूष : बेसबॉल में रिलीज मतलब टीम से बाहर. खतम.

चंपतराव : ते डिसमिस झालं. डिसमिसच्या आधी चार्जशीट लागते. चार्जशीट दिली का तुले?

पीयूष : नाही.

चंपतराव : मंग बदलीच आहे.

बेबीताई : अहो, पोरगं चार दिसापासून धड जेवून नाई राहिलं, अन् तुमी पेटीले रंग मारून राहिले.

चंपतराव : लाइनवर जाणाऱ्या माणसाच्या पेटीवर नाव, हुद्दा अन् मुख्यालय पाह्यजेच. ‘पी. चं. बावणे, शॉर्टस्टॉप’ इथवर झालं. मुख्यालय राह्यलं.

बेबीताई : शॉर्टस्टॉप हुद्दा आहे का? मी तर गल्लीभर सांगितलं, जपानमधी शॉर्टस्टॉप नावाचं हॉल्ट आहे, आमचा पीयूष तिथं असते. फकिराभाऊ विचारत होते, तिथं एक्सप्रेस थांबते का म्हणून.

पीयूष : तू काय सांगितलं?

बेबीताई : सणावाराले थांबते म्हटलं.

चंपतराव : पहिल्या वर्षी मलेही हॉल्टच वाटलं होतं. आता मले सगळं समजते. दुसऱ्या अन् तिसऱ्या बेसच्या मधात उभं राहाचं. बॉल आला का अडवाचा अन् पहिल्या बेसले फेकाचा. गाडी आधी पोचली तर सेफ, बॉल आधी पोचला तर आउट.

पीयूष : गाडी नाही बाबा, रनर.

चंपतराव : तेच. आधी हा सेकंड बेसवर होता, मंग शॉर्टस्टॉपवर घेतला. म्हणजे प्रमोशन. अन् चूक झाली का ते लोक मोठ्या बोर्डावर लावतेत, सगळ्या पब्लिकसमोर. मागच्या वर्षी याच्या किती लागल्या, विचार.

पीयूष : सत्तावीस.

चंपतराव : सत्तावीस. आमच्याकडं एक झाली असती तर चौकशी बसली असती. सत्तावीस चुका पोटात घालणारे लोक याले उगाच कावून काढतील? म्हणून मी अपील केली.

पीयूष : कोणाले?

चंपतराव : तुझ्या मॅनेजरले. पावर हाउस बाजारातल्या मोबाइलच्या दुकानातल्या ऐश्वर्यानं मोबाइलवर जपानी करून दिली. विषय, पी. चं. बावणे यांच्या पुढील पदस्थापनेबाबत. माझा मुलगा अकरा वर्षं आपल्या सेवेत आहे, कधी ड्युटीवर उशिरा आला नाई, दारू पीत नाई, तरी त्याले जवळचं ठिकाण द्यावं.

पीयूष : बाबा, तुम्ही खरंच पाठवलं?

चंपतराव : उत्तरही आलं. सकाळी. तुझ्या आईच्या मोबाइलवर.

पीयूष : आई, तो मोबाइल इधर दे.

बेबीताई : थांब. मीच वाचते. ऐश्वर्यानं त्याचं हिंदी करून आताच पाठवलं. ‘आदरणीय गार्ड साहब, आपका पत्र पढ़कर पूरी टीम खड़ी हो गई.’

चंपतराव : पाहा. उभे राह्यले.

बेबीताई : ‘हमने आपके पुत्र को नहीं छोड़ा. उन्होंने स्वयं छूटने की विनती की. हमारा छोटा विराम मार्च तक खाली रहेगा.’ छोटा विराम म्हणजे काय व?

चंपतराव : शॉर्टस्टॉप. थांब, मागचं वाक्य पुन्हा वाच.

बेबीताई : ‘उन्होंने स्वयं छूटने की विनती की.’

चंपतराव : पीयूष, तू स्वतः अर्ज दिला?

पीयूष : हो.

चंपतराव : अन् आमाले सांगितलं का त्याईनं काढलं.

पीयूष : काढलं म्हटलं तर तुम्ही जास्त विचारणार नाही असं वाटलं. मैं भूल गया का तुम्ही रेल्वेत होते.

बेबीताई : कोणाशी भांडण झालं का तिथं?

पीयूष : नाही. अच्छे लोग हैं. मी बिमार पडलो तर मॅनेजरची आई भात घेऊन आली होती.

चंपतराव : मंग कावून?

पीयूष : बॉल सुटत नाही बाबा.

चंपतराव : म्हणजे अडवल्या जात नाई?

पीयूष : अडवतो. बरोबर हातात येते. पण फेकाच्या टाइमले हात उघडतच नाही. पहिल्या बेसवाला डोळ्यासमोर उभा असते, मोकळा, तो हात दाखवून राहिला असते, अन् मी बॉल धरून उभा. पूरा स्टेडियम बघते. रनर पळत नाही, आरामात चालत जाते अन् मागे वळून मला सॉरी म्हणते.

बेबीताई : तिथले पळणारे सॉरी म्हणतेत?

पीयूष : हर बार. त्याचीच जास्त शरम वाटते. डॉक्टरनं पाहिलं, फोटो काढले, हात एकदम ठीक आहे. नुसता सराव असला तर शंभर फेकतो. मॅचमध्ये एक नाही जात. आई, मला दुसरं काही येत नाही. बारावीपासून एवढंच केलं. अब यह भी नहीं आता.

बेबीताई : रडू नको बाप्पा. अहो, तुमी बोला ना त्याच्याशी. तो ब्रश ठेवा खाली.

चंपतराव : बेबी, तुले ते चाळीस मिनिटं आठवते का? माझं शेवटचं वर्ष.

बेबीताई : न आठवायले काय झालं. तुमची मालगाडी चाळीस मिनिटं उभी होती. लाइनवर गाय आली होती म्हणून.

चंपतराव : गाय नव्हती.

बेबीताई : म्हणजे? मी त्या गाईसाठी नारळ फोडला होता.

चंपतराव : सिग्नल मिळाला होता, लाइन साफ होती. मी शेवटच्या ब्रेकव्हॅनमधून हिरवी झेंडी दाखवाले हात काढला, अन् हात वर जाईना. काई कारण नाई. छत्तीस वर्षं दाखवलेली झेंडी. ड्रायव्हर हॉर्न देऊन राहिला, स्टेशनमास्तर ओरडून राहिला, वॉकीटॉकीवर कंट्रोल विचारून राहिलं, अन् मी झेंडी मांडीवर घेऊन बसलेलो. मले रडू येत होतं. रिपोर्टमधी मी गाय लिवली.

पीयूष : हे तुम्ही कधीच नाही सांगितलं.

चंपतराव : काय सांगू? गार्डले झेंडी भारी झाली म्हणून? लाज वाटली मले. तुले वाटली तशीच.

पीयूष : मग गाडी सुटली कशी?

चंपतराव : इंजिनावर सुखराम ड्रायव्हर होता, छत्तीसगढिया माणूस. त्यानं असिस्टंटले बसवलं अन् उतरला. अठ्ठावन्न डब्यांची गाडी, सगळी पायी चालत मागं आला, भर उन्हात. मले वाटलं आता शिव्या देते. त्यानं काई विचारलं नाई. वर चढला अन् बाजूले उभा राह्यला. विडी पेटवली. थोड्या वेळानं माझा हात आपोआप वर गेला.

बेबीताई : अन् तो?

चंपतराव : तो परत अठ्ठावन्न डबे चालत गेला. नंतर कितीदा भेटलो, कधी गोष्ट काढली नाई त्यानं.

पीयूष : तुमची गोष्ट वेगळी आहे बाबा. तिथं माझ्यासाठी कोण येणार चालत? अपनी बोली समझनेवाला एक आदमी नहीं है. मार्चला मी परत गेलो, पुन्हा हात अडकला, तर बाजूला कोण उभा राहील?

चंपतराव : बेबी, हात पूस अन् माझा चष्मा आण. पीयूष, माझ्या पासपोर्टले किती दिवस लागते?