पक्याची पट्टी माज्या हातात

अरं, त्या सुईची आठवण आली की आजून बूड टिकत नाय माजं. दहिवलीच्या आरोग्य शिबिरात शिकाऊ डॉक्टर अन् शिकाऊ नर्स जोडीनं पेशंट बघायचे. मी अन् माज्या दोस्तानं, पक्यानं, मजा म्हणून हातावरच्या नावाच्या पट्ट्या बदलल्या. डॉक्टर पट्टी वाचून पक्याच्या गळवाचं इंजेक्शन घेऊन माज्याकडंच! औषधाचं नाव ऐकलं अन् माजी फाटली. त्यानंच लहानपणी मी सुजून आडवा झालेलो.

नर्स म्हणली, "थांबा सर. तुजं नाव तू सांग रं."

डॉक्टर वैतागला, "अगं, पट्टीवर आहे ना!"

"सुई पट्टीला नाय टोचायची, सर."

मी बोंबललो, "मी पक्या नाय!"

आता शिकाऊंच्या दर नव्या बॅचला नाव विचारायचं शिकवायला मलाच बोलावतात, चुकीचा पेशंट म्हणून. पट्टी मात्र ती नर्सच स्वतः बांधते, डबल गाठ मारून.