पट्टी ओली होती

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील अग्निशमन प्रमुख, आजचे सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी, आणि वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

मला चार मिनिटं मिळाली आहेत. घड्याळ प्रमुखसाहेबांच्या हातात आहे, आणि ते आगीपेक्षा लांबलेल्या भाषणाला जास्त घाबरतात, हे आपण जाणताच.

अंगणातल्या छाटलेल्या फांद्या जाळायला परवाना कशाला हवा? अग्निशमन केंद्रातल्या आमच्या परवाना खिडकीवर हा प्रश्न रोज यायचा. 'माझं अंगण, माझा कचरा, माझी काडेपेटी!' त्यावर आजचे सत्कारमूर्ती, आमचे साहेब, शांतपणे म्हणायचे, 'वारा तुमचा नाही ना.' मग नियम सांगायचे. ढीग कमरेच्या वर नको, घरापासून वीस पावलं लांब, पाण्याची नळी हाताशी, आणि राख गार होईपर्यंत जागचं हलायचं नाही. परवाना असला तरी पेटवायच्या दिवशी सकाळी फोन करायचाच. फोन आला की साहेब म्हणणार, 'थांबा, बघून येतो.' आवारातल्या खांबाला वारा कळावा म्हणून एक कापडी पट्टी बांधलेली आहे. ती बोटांत धरून बघायचे, मगच हो किंवा नाही. लोकांनी त्यांचं नावच 'थांबासाहेब' पाडलं. वहिनी हसताहेत, घरीही हेच ऐकत असणार.

अशा माणसाच्या सेवापुस्तकात एक लाल शेरा आहे. 'निष्काळजीपणे परवानगी दिली.' त्या शेऱ्यापायी बढती गेली, आणि अकरा वर्षं त्यांना तळघरातल्या जुन्या कागदांत बसावं लागलं. आज सगळे छान बोलले, पण तो विषय कुणी काढला नाही. चांगल्या दिवशी कशाला, असंच वाटलं असेल. मला मात्र तो काढलाच पाहिजे.

अकरा वर्षांपूर्वी, त्या सकाळी खिडकीवर मी होते. नोकरीचा चौथा महिना. वहिनींना बरं नव्हतं म्हणून साहेब त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. आठ वाजता सुतारकाकांचा फोन आला. 'कुंपणाची छाटणी झालीय, पेटवू का?' मी खुर्चीतूनच बाहेर पाहिलं. पट्टी सरळ खाली लोंबत होती. म्हटलं, 'वारा अजिबात नाही काका, पेटवा खुशाल.'

नुकतीच जवानांनी गाडी धुतली होती, आणि पाण्याच्या फवाऱ्याने पट्टी चिंब भिजली होती. ओलं कापड कुठलं हलणार? साहेब ती हातात का धरतात, हे मी चार महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची सवय असेल, असं समजले होते.

वारा होताच. ज्वाळा शेजारच्या घराकडे वळल्या. काका पळाले असते तर वाचले असते. पण जागचं हलायचं नाही, हा नियम त्यांनी पाळला. नळी धरून उभे राहिले. शेजाऱ्यांचं घर वाचलं. काका चार दिवसांनी गेले.

चौकशीत साहेब म्हणाले, 'दवाखान्यात जाण्याआधी मीच होकार सांगून ठेवला होता.' बाहेर आल्यावर मी रडायला लागले, तर म्हणाले, 'तुझं लेकरू दोन वर्षांचं आहे. नोकरी गेली तर काय करशील? गप्प बस.' मी गप्प बसले. आधी भीतीने, मग सवयीने. खरं सांगायचं तर पुढे पुढे सोयीने.

साहेब, खाली बसा. आज तुमचं ऐकणार नाही.

सुतारकाकांची मुलगी तिसऱ्या रांगेत आहे. कारण न सांगता मीच त्यांना आग्रहाने बोलावलं. अकरा वर्षं त्यांनी साहेबांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. समोरून त्या आल्या की साहेबच रस्ता ओलांडायचे. ताई, तुमच्या वडिलांना 'पेटवा' असं मी म्हणाले होते. साहेबांनी नाही.

माझा लेखी जबाब सकाळीच प्रमुखसाहेबांच्या टेबलावर ठेवला आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल. साहेबांची अकरा वर्षं कुठून आणून देऊ, ते मात्र मला कळत नाही.

मला बोलू दिलंत, सगळ्यांची आभारी आहे. शब्द मागेपुढे झाला असेल तर सांभाळून घ्या. त्या सकाळच्या चुकीची माफी मात्र मी या माइकवरून मागणार नाही. ताई, मी खाली तुमच्याकडे येते आहे. मी पोचायच्या आत तुम्ही उठून गेलात, तरी तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.