पोवळ्यांचा दिवा

मुलगी बघायला आले की लोकांचं साडीवरून, पोह्यांवरून बिनसतं. आमच्या प्राजूचं दिव्यावरून बिनसत होतं, बायांनो. या माझ्या नातीनं बैठकीत खाऱ्या पाण्याची काचेची पेटी ठेवलीय, आत जिवंत पोवळी. वरच्या एलईडीचा उजेड ती चिमूटचिमूट वाढवते. एकदम वाढला तर पोवळी पांढरी पडून मरतात म्हणते. पण पाहुणे यायचे आणि घरात दिवा मिणमिणता ठेवायचा? मी सकाळीच बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

प्राजू पोहे घेऊन आली, पेटीकडे बघितलं आणि अख्खा ट्रे मुलाच्या मांडीवर ठेवून धावलीच. "आजी, भाजलंस गं त्यांना!"

मुलाची आई पुटपुटली, "तापट दिसते."

झालं! चांगलं स्थळ मीच घालवलं.

मुलानं मात्र ट्रे आईकडे दिला आणि प्राजूशेजारी जाऊन उभा राहिला. "जगतील का हो?"

"आठवडाभर तरी कळायचं नाही," प्राजू रडवेली.

"मग रोज येऊन बघितलं तर चालेल?"

आता कुठं प्राजूनं त्याच्याकडे नीट बघितलं.

मी त्याच्या आईला म्हटलं, "पोहे घ्या, गार होतील. पोवळ्यांचं कळेल आठवड्यानं, ही दोघं तर आत्ताच कामातून गेली."